गोमंतकांतील ग्रामशाळेचा वाद्यवृंद व त्यांत घडलेले वादक

(१) विषयप्रवेश

इ. स. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांनीं वसई सर केली. त्या मोहिमेंत हातीं आलेल्या फिरंगी घंटा पुढें भीमाशंकर, मेणवली इत्यादि ठिकाणच्या देवळांत टांगल्या गेल्या, हें वाचकांस विदित आहेच. त्या घंटांवरील अक्षरें, सनाचे आंकडे व क्रूस यांविषयीं आपणांकडे पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु ज्या चर्चांच्या मनोऱ्यांत या घंटा होत्या, त्या चर्चांच्या आंत आणखी एक नाद होता. सज्जांत उभीं राहून कागदावरचे स्वर वाचून गाणारीं व वाजविणारीं मुलें तेथें होतीं. घंटा धातूची म्हणून टिकली व आमच्या नजरेस पडली. मुलांच्या हातांतील कागद मात्र इतिहासाचें साधन म्हणून आमच्या नजरेस अद्यापि पडला नाहीं.

शाळेच्या वाद्यवृंदांत वाजवीत वाजवीत मुलगा वादक कसा बनतो, हा प्रश्न वरवर पाहतां शिक्षणशास्त्राचा वाटेल. पण या देशांत त्या प्रश्नाचें एक उदाहरण असें आहे कीं, तें सुमारें चार शतकें चाललें, गांवोगांव चाललें, आणि त्याचीं फळें आपणां सर्वांच्या कानांवर पडलेलीं आहेत. तें उदाहरण म्हणजे गोमंतकांतील चर्चला जोडलेली ग्रामशाळा, जिला पोर्तुगीज भाषेंत 'इश्कोला पारोकियाल' म्हणत. प्रस्तुत लेखांत त्या शाळेची उत्पत्ति, तींतील शिक्षणाची रीत, तींतून निघालेले वादक व तिच्या मागें राहिलेल्या कागदांची आजची योग्यता, इतक्या गोष्टींचा विचार करावयाचा आहे.

(२) आमच्या शास्त्रांतील वृंदविचार

परकीय संस्थेकडे वळण्यापूर्वीं आपल्या घरचें शास्त्र काय सांगतें तें पाहणें इष्ट होय. भरताच्या नाट्यशास्त्रांत वादकांच्या समुदायास 'कुतप' अशी संज्ञा आहे. देवगिरीच्या यादव सिंघणाच्या आश्रयास, तेराव्या शतकाच्या पूर्वार्धांत, शार्ङ्गदेवानें संगीतरत्नाकर रचिला. त्याच्या प्रकीर्णकाध्यायांत वृंदाचे उत्तम, मध्यम व कनिष्ठ असे भेद सांगितले आहेत. उत्तम वृंदांत चार मुख्य गायक, आठ साथीचे गायक, बारा गायिका, चार बांसरीवाले व चार मृदंगवादक असावेत. मध्यम वृंद याच्या निम्मा. आणि कनिष्ठांत एक मुख्य गायक, तीन साथीचे, चार गायिका, दोन बांसरीवाले व दोन मृदंगवादक, असें तें मान आहे.

यापुढें शार्ङ्गदेव वृंदाचे गुण सांगतो, आणि आमच्या विषयास तोच भाग महत्त्वाचा आहे. मुख्याच्या मागें जाणें, एकमेकांत मिळून जाणें, तालाशीं लीन होऊन चालणें, एकाचा स्वर जेथें तुटेल तेथें दुसऱ्यानें तो सांवरून धरणें, तिन्ही स्थानांत आवाजाचा संचार असणें, आणि सर्वांच्या ध्वनींत सारखेपणा असणें, अशा आशयाचे हे गुण आहेत. यांपैकीं बहुतेक गुण एकट्या माणसास एकांतांत साधतां येत नाहींत. 'तुटलेला स्वर सांवरणें' हा तर शेजारीं दुसरा कोणी असल्याशिवाय अर्थच नसलेला गुण आहे.

म्हणजे वृंदाची कल्पना महाराष्ट्रांत सातशें वर्षांपूर्वीं शास्त्रबद्ध होती. परंतु मुलांना लहानपणापासून वृंदांत बसवून, वृंदाच्या द्वारें संगीत शिकविण्याची गांवोगांवची संस्था आपल्याकडे उभी राहिली नाहीं. गायन गुरुमुखांतून एका शिष्याच्या कानांत जाई. वाजंत्र्यांची विद्या कुळांत बापाकडून मुलाकडे जाई. दोन्ही रीतींनीं थोर कलावंत निर्माण झाले, यांत संशय नाहीं. तथापि कुळाबाहेरच्या, घराण्याबाहेरच्या साधारण शेतकऱ्याच्या मुलास त्यांत सहसा जागा नव्हती. ती जागा ज्या संस्थेनें दिली, ती निराळ्याच हेतूनें स्थापन झाली होती.

(३) ग्रामशाळेची उत्पत्ति

अल्बुकेर्कनें इ. स. १५१० त गोवें घेतलें. १५४१ त सांता फे या नांवानें एतद्देशीय मुलांसाठीं एक विद्यालय निघालें. तेंच पुढें सेंट पॉल विद्यालय म्हणून प्रसिद्धीस आलें. १५४२ त फ्रान्सिस झेवियर आला, आणि त्यानंतर तें विद्यालय जेझुइटांच्या हातीं गेलें. हिंदुस्थानांतील पहिला छापखाना १५५६ त याच विद्यालयांत उभा राहिला. तेथील मुलांस लॅटिन व धर्म यांच्याबरोबर गायनवादन शिकवीत. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून हीच शिकवण लहान प्रमाणांत गांवोगांवच्या चर्चांत सुरू झाली. तिसवाडी, आणि १५४३ त पोर्तुगीजांकडे आलेले साष्टी व बारदेश, या तीन प्रांतांत ती दृढमूल झाली.

या शाळांचा हेतु कलेचा नव्हता. चर्चच्या पूजेस गायक पाहिजेत, सणास वादक पाहिजेत, आणि ते पोर्तुगालाहून आणणें शक्य नाहीं, म्हणून गांवचींच मुलें तयार करावयाचीं, एवढाच तो व्यवहार होता.

या व्यवहाराची दुसरी बाजूहि इतिहासकारानें झांकूं नये. १५४१ त तिसवाडींतील पाडलेल्या देवळांच्या जमिनींचें उत्पन्न चर्चकडे व सांता फे विद्यालयाच्या खर्चाकडे लावून देण्यांत आलें. ज्या शेतांच्या धान्यावर पूर्वीं देवळांतील सेवेकरी, वाजंत्री व कलावंत पोसले जात, त्याच शेतांचें धान्य आतां निराळ्या सुरांकडे वळलें. १५६० त इन्क्विझिशन आलें, आणि कांहीं काळ बंद राहून पुन्हां सुरू झालें तरी १८१२ पर्यंत तें टिकलें. १७३६ च्या त्याच्या प्रसिद्ध हुकुमानें ख्रिस्ती लोकांच्या लग्नांतील देशी गाणीं व देशी वाद्यें यांवरहि बंदी घातली. एका हातानें मुलास व्हायोलीन देणारी सत्ता दुसऱ्या हातानें त्याच्या आजीच्या ओंठांवरची ओंवी पुशीत होती. हे दोन्ही जमाखर्च एकाच वहींत मांडिले पाहिजेत. नाहींतर लेख इतिहास न राहतां प्रशस्ति होईल.

याच काळांत देव मात्र हलले. मंगेशाचें मूळ स्थान साष्टींतील कुशस्थळी, म्हणजे आजची कुठ्ठाळी. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मूर्ति खाडीपलीकडे अंत्रूज महालांत प्रियोळ येथें नेण्यांत आली, व देवाबरोबर त्याचे सेवेकरीहि त्या बाजूस वाढले. अशा रीतीनें एकाच भूमीचें संगीत दोन कांठांस वांटलें गेलें. अलीकडे देवळांतील कलावंतांचें, पलीकडे चर्चच्या सज्जांतील मुलांचें. या दोन कांठांची गांठ पुढें कोठें पडली तें यथावकाश सांगूं.

(४) शिक्षणाची रीत

शाळेंतील गुरुजीस 'मेस्त्र' म्हणत. तोच चर्चमध्यें गायकवृंदाचा प्रमुख असे. मुलगा सातआठ वर्षांचा झाला कीं त्याच्याकडे जाई. पहिली गोष्ट ही कीं त्यास वाद्य मिळत नसे. प्रथम 'सोल्फेज', म्हणजे पांच रेघांच्या लिपींत मांडलेले स्वर त्यांच्या नांवांनीं, हातानें मात्रा मोजीत, गाऊन दाखविणें. आपला बटु अर्थाकडे जाण्यापूर्वीं जसा वेदाची संथा घेतो, तसाच हा प्रकार होय. भेद इतकाच कीं वेदाध्यायी कानानें घेतो व येथें डोळ्यानें घ्यावयाचें असे. समोर ठेविलेला, पूर्वीं कधींहि न ऐकलेला कागद पाहून स्वर अचूक उच्चारतां येऊं लागला, म्हणजे मग व्हायोलीन हातीं येई. पुढें कोणी क्लॅरिनेटकडे, कोणी कॉर्नेटकडे, कोणी मोठ्या बासकडे वळे.

दुसरी गोष्ट, वाद्य हातीं येतांच मुलगा ओळींत बसे. शिकून झाल्यावर वाजवावयाचें, असा क्रमच नव्हता. वाजवीत वाजवीत शिकावयाचें. गांवचा वर्षभराचा क्रम हाच त्याचा अभ्यासक्रम असे. रविवारची पूजा, गांवच्या संताचा सण व त्याआधींचे नऊ दिवस, घरोघरच्या व रस्त्यावरील क्रुसांपुढच्या 'लादाइन्य' नांवाच्या प्रार्थना, उपासकाळांतील 'मोतेत', लग्नें, मिरवणुकी व प्रेतयात्रा. मोतेत हें दुःखभोगाचें गाणें. तें व्हायोलीन, क्लॅरिनेट व बास यांच्या साथीनें, मिरवणुकीबरोबर, पुष्कळदां उघड्यावर होई. वारा सुटला, कागद उडाला, शेजाऱ्याचा सूर ढळला, तरी थांबावयाचें नाहीं. शार्ङ्गदेवानें सांगितलेला 'तुटलेलें सांवरण्याचा' गुण दहा वर्षांच्या पोराच्या अंगीं असा बाणत असे.

तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. गोमंतकीय ख्रिस्ती गायनांत मुख्य चालीच्या जोडीस बहुधा तिसऱ्या स्वराच्या अंतरानें चालणारी दुसरी ओळ असते. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर एकानें गांधार धरिला असतां दुसऱ्यानें षड्जावर चालावें, असा तो संबंध. ही दुसरी ओळ ज्या मुलाच्या वांट्यास येते त्याची कसोटी कठीण असते. श्रोत्यांचें लक्ष मुख्य चालीकडे. आईबापांस तीच कळते. स्वतः त्याचाहि कान तिकडेच ओढ घेतो. तरी त्यानें आपली ओळ सोडावयाची नाहीं, आणि मुख्य ओळ ऐकणेंहि थांबवावयाचें नाहीं. ऐकत असतां निराळें वाजविणें, व निराळें वाजवीत असतां मिळून राहणें, ही विद्या पुस्तकानें येत नाहीं, एकट्याच्या रियाजानें येत नाहीं, आणि आमचे मतें उत्तम गुरूपुढें एकटें बसूनहि पुरती येत नाहीं. ती ओळींत बसूनच येते.

चाळीस वर्षें वर्गांत घालविल्यावर आमची अशी खात्री झाली आहे कीं, मुलास हुषार करणारा मास्तर पुष्कळ ठिकाणीं सांपडतो. पण त्याच्यावर दहाजणांचें काम अवलंबून आहे ही जाणीव देणारी जागा क्वचित् सांपडते. ग्रामशाळेच्या वाद्यवृंदानें ती जागा दिली. एका मुलाचा कागद कोरा राहिला तर सण अडे. या अडण्यानेंच मूल मोठें होत असे.

(५) गांवाबाहेर

एवढे वादक गांवास पुरून उरत, आणि शेती मात्र सर्वांस पुरत नसे. एकोणिसाव्या शतकांत इंग्रजी मुलुखांत पलटणींचे, पोलीसांचे, गव्हर्नरांचे व संस्थानिकांचे बँड वाढले. त्यांस कागद वाचून वाजविणारे लोक पाहिजे होते, आणि तसे तयार लोक या देशांत मुख्यतः गोमंतकांतच होते. १८८८ त मार्मागोव्याची रेल्वे ब्रिटिश मुलुखास जोडली गेली. तेव्हां आगबोटीनें मुंबईस जाणाऱ्यांखेरीज लोंढें, बेळगांव, पुणें या वाटेनें येणारेहि झाले. पुण्याहून बोरघाट उतरून कर्जत, बदलापूर, कल्याण हा त्यांचा शेवटचा टप्पा. आम्ही राहतों तें सोनिवली गांव बदलापुरास लागूनच आहे. हा लोहमार्ग १८५६ पासून येथून जातो. त्यावरून पेटींत व्हायोलीन घेऊन किती पोरें मुंबईस गेलीं असतील, त्याची नोंद कोणत्याहि दफ्तरांत नाहीं.

मुंबईंत धोबीतलाव व कावेल या भागांत गांववार 'कूड' असत. एका गांवचे लोक एका कुडांत थोडक्या पैशांत राहत. शिकलेला मुलगा तेथें उतरे व दुसऱ्या दिवशीं हॉटेलाच्या, नाचघराच्या किंवा मूकचित्रपटगृहाच्या वाद्यवृंदांत बसे. कोठेंहि बसला तरी त्यास नवें कांहीं शिकावें लागत नसे. ओळ, कागद व शेजारी हीं तीं गांवचींच होतीं.

१४ मार्च १९३१ रोजीं 'आलम आरा' हा पहिला बोलपट मुंबईंत लागला. मूकचित्रांची साथ करणाऱ्यांचा धंदा त्यामुळें बसला, पण ध्वनिमुद्रणाचा नवा धंदा निघाला. चाल रचणारा संगीत दिग्दर्शक बहुधा पेटीवर चाल बसवी किंवा सरगमांत लिहून ठेवी. त्या एका ओळीची पन्नास वाद्यांत वांटणी करणें, प्रत्येकाचा कागद लिहिणें, व तो पाहतांच वाजविणें, यासाठीं जे लोक लागले त्यांत ग्रामशाळेच्या परंपरेंत वाढलेले गोमंतकीय अग्रभागीं होते. त्या वांटणी करणाऱ्यास 'अरेंजर' हें नांव पडलें. तो अरेंजर म्हणजे दुसरी ओळ ऐकावयास शिकलेलाच मनुष्य होय.

(६) कांहीं वादक

उदाहरणादाखल चौघांचीं नांवें देतों.

सेबास्तियन डिसोझा हे १९०६ त बारदेशांतील रेइश मागुश येथें जन्मले. फाळणीपूर्वीं लाहोरांत त्यांचा स्वतःचा वाद्यवृंद होता. नंतर मुंबईस येऊन त्यांनीं ओ. पी. नय्यर व विशेषतः शंकर-जयकिशन यांच्यासाठीं काम केलें. गायकाच्या चालीच्या पाठीमागें चालणारी स्वतंत्र स्वरओळ ही त्या संगीताची खूण समजली जाते, व तिचें श्रेय जाणकार डिसोझांस देतात. १९९८ त ते वारले.

आंतोनियो शाव्हियेर वाझ, म्हणजेच 'चिक चॉकलेट', यांचा जन्म १९१६ त हळदोणें येथें झाला. कॉर्नेट व ट्रंपेट यांवरील त्यांचा हात मुंबईच्या जॅझमध्यें नांवाजला होता. आपल्या महाराष्ट्रांतील पुणतांब्याचे सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र चितळकर, यांचे ते साहाय्यक होते. १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटाच्या संगीतांत त्यांच्या हाताची चमक स्पष्ट दिसते. १९६७ त त्यांचें निधन झालें.

फ्रँक फर्नांड हे १९१९ त कुडचडें येथें जन्मले. व्हायोलीन व ट्रंपेट वाजवीत हॉटेलांच्या वाद्यवृंदांतून ते चित्रपटसृष्टींत आले. १९६३ त 'आमचें नशीब' व १९६६ त 'निर्मोण' हे कोंकणी चित्रपट त्यांनीं काढिले. म्हणजे ओळींत बसलेला वादक शेवटीं स्वतःच्या भाषेची सेवा करावयास परतला.

चौथे अँथनी गोन्साल्विस. जन्म १९२७, साष्टींतील माजोर्डा येथें. वडील गांवच्या चर्चच्या वृंदाचे प्रमुख. तेच पहिले गुरु. १९४३ त मुंबईस येऊन ते नौशाद यांच्या वृंदांत व्हायोलीनवादक झाले. येथें त्यांच्या कानांवर राग पडले. ग्रामशाळेनें त्यांस स्वर दिले होते, लिपि दिली होती, मिळून वाजविण्याची शिस्त दिली होती. राग मात्र दिला नव्हता. तो त्यांनीं स्वतः मिळविला, व रागांवर आधारलेल्या रचना मोठ्या पाश्चात्य वृंदासाठीं लिहिण्यास सुरुवात केली. राग सारंगावरील त्यांची व्हायोलीनची रचना यांपैकींच होय. १९५८ त मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारांत त्यांनीं गोमंतकीय वादकांचा मोठा वृंद उभा केला. त्यांत लता मंगेशकर व मन्ना डे हे मुख्य गायक होते.

येथें वाचकांनीं क्षणभर थांबावें. लताबाईंचे वडील मास्टर दीनानाथ यांचा जन्म १९०० त मंगेशी येथें, देवळाच्या संगीताच्या छायेंत झाला. ज्या साष्टींतून मंगेश प्रियोळास गेला, त्याच साष्टींतील चर्चच्या सज्जांत गोन्साल्विस वाढले. सोळाव्या शतकांत जे दोन कांठ दूर झाले, ते सुमारें चारशें वर्षांनीं मुंबईंत एका वृंदांत समोरासमोर आले. हें कोणा राजानें घडविलें नाहीं, तहानें घडविलें नाहीं. एका बाजूस देवळाची परंपरा व दुसऱ्या बाजूस गांवच्या शाळेंतील ओळ, या दोहोंनीं तें घडविलें.

गोन्साल्विस १९६५ त अमेरिकेंतील सिराक्यूज विद्यापीठांत गेले, पुढें माजोर्ड्यास परतले, व २०१२ त वारले. प्यारेलाल शर्मा हे त्यांचे व्हायोलीनचे शिष्य. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीनें १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' चित्रपटांत एका गाण्यांत गुरूचें संपूर्ण नांव घातलें. लाखों लोकांनीं तें नांव गुणगुणलें, आणि तें खऱ्या माणसाचें आहे हें त्यांतील थोड्यांसच ठाऊक होतें. चित्रपटांच्या नामावळींत अरेंजरांस पुष्कळदां स्थानच नसे, त्याचा हा परिणाम.

(७) इतर प्रयत्नांशीं तुलना

हीच गोष्ट बुद्धिपुरस्सर करण्याचे प्रयत्न अन्यत्रहि झाले. तंजावरास सरफोजी राजे दुसरे (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांनीं पाश्चात्य वाद्यांचा संच दरबारीं बाळगिला. बडोद्यास सयाजीराव महाराजांनीं १८८६ त मौलाबक्षांच्या हाताखालीं गायनशाळा काढली. मौलाबक्षांनीं स्वतःची स्वरलिपि बसविली, व घराण्याबाहेरच्या मुलांस वर्गांत बसवून शिकविण्याचा पायंडा पाडिला. पुढें कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुसकरांनीं १९०१ त लाहोरांत गांधर्व महाविद्यालय स्थापिलें. या दोन्ही ठिकाणीं लिपि होती, वर्ग होता. तथापि भर एकेकट्याच्या गायनावरच राहिला, आणि तें आपल्या संगीताच्या प्रकृतीस धरूनच होतें.

ग्रामशाळेच्या रीतीस अगदीं जवळचा प्रयत्न मैहर संस्थानांत झाला. १९१८ च्या सुमारास अलाउद्दीन खां यांनीं अनाथ मुलांस गोळा करून रागांवर चालणारा वाद्यवृंद उभारिला. खांसाहेब तरुणपणीं कलकत्त्यास असतांना लोबो नांवाच्या गोमंतकीय बँडमास्तराजवळ व्हायोलीन शिकले होते, ही गोष्ट ध्यानांत घेतली म्हणजे मैहरच्या वृंदाचा एक धागा गोमंतकांतील गांवापर्यंत पोहोंचतो.

(८) एक आक्षेप

कित्येकांचें म्हणणें असें कीं, या शाळांनीं बँडवाले निर्माण केले, कलावंत नव्हे. कागद वाचणाऱ्याची कल्पनाशक्ति मरते. या आक्षेपांत अंशतः तथ्य आहे. ज्यास कागदापलीकडे जाण्याची इच्छा नव्हती तो आयुष्यभर तिसऱ्या रांगेंत वाजवीत राहिला. परंतु चिक चॉकलेट यांची कीर्ति ज्या जॅझमध्यें झाली, त्याचा प्राण तत्क्षणींची उपज हाच आहे. तेव्हां कागदावर वाढलेला मनुष्य कागद सोडूं शकत नाहीं, असा सिद्धांत टिकत नाहीं. शिवाय, तिसऱ्या रांगेंत प्रामाणिकपणें वाजविणाऱ्यास कमी लेखण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला? देवळाची कमान कळसावर उभी नसते.

खरा दोष निराळा आहे. ही शाळा चर्चच्या कक्षेंतील मुलांनाच खुली होती, आणि देशी रागतालांकडे तिनें पाठ फिरविली होती. त्यामुळें तिच्या विद्यार्थ्यास घरचेंच संगीत परकें होऊन बसे, व तें परत मिळविण्यास अँथनी गोन्साल्विसांसारखी जिद्द लागे.

(९) कागदांची योग्यता

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर गोमंतकांत इंग्रजी शाळा वाढल्या, पणजीस १९५२ त आंतोनियो फिगेरेदो यांनीं संगीताची स्वतंत्र अकादमी काढिली, आणि १९६१ त पोर्तुगीज सत्ता संपली. संगीत शिकण्याच्या नव्या वाटा निघाल्या, तशी जुनी ग्रामशाळा मागें पडत गेली. चर्चमधील गायनवादन आजहि चालू आहे. पण प्रत्येक मुलास सोल्फेजच्या वाटेनें नेणारा मेस्त्र विरळ झाला आहे.

आतां आमच्या वाचकांस, विशेषतः हस्तलिखितांच्या संग्राहकांस, कांहीं सांगावयाचें आहे. तंजावरचें साहित्य राजाच्या ग्रंथालयामुळें, सरस्वतीमहालामुळें, राहिलें. ग्रामशाळेस राजा नव्हता. तिचे कागद म्हणजे मेस्त्रानें हातानें उतरलेल्या प्रति, मुलांच्या वह्या, मोतेतांच्या निरनिराळ्या वाद्यांचे सुटे बंद, हे घरोघरच्या पेट्यांत राहिले. ओर्लीच्या मिकाएल मार्तिन्स यांनीं गोमंतकीय गीतें जन्मभर गोळा केलीं, व संस्कृतज्ञ जुझे पेरेरा यांच्यासह त्यांतील कांहींचें प्रकाशन केलें. त्या दोघांचें उदाहरण आम्हांपुढें आहे.

असे कागद हातीं आल्यास पुढील गोष्टी संभाळाव्या. पहिली, एका वाद्याचा सुटा कागद निरर्थक दिसतो म्हणून टाकूं नये. तो एका मोठ्या वाक्यांतील एक पद आहे, आणि बाकीचीं पदें त्याच गठ्ठ्यांत किंवा शेजारच्या घरीं असूं शकतात. दुसरी, गठ्ठा ज्या क्रमानें सांपडला तो क्रम मोडूं नये, कारण एकत्र बांधलेले कागद बहुधा एकत्र वाजविलेले असतात. तिसरी, कोपऱ्यांतील नांव, गांव, सन व कागदांतील पाणचिन्ह हीं बखरीच्या पुष्पिकेइतक्या काळजीनें उतरून घ्यावीं. लेखकाचा हात ओळखला कीं मेस्त्राची शिष्यपरंपरा जुळवितां येते. चौथी, स्वरांखालीं रोमन लिपींत असलेले शब्द पुष्कळदां कोंकणी असतात, ते परकीय समजून सोडून देऊं नयेत. पांचवी, समासांत पेन्सिलीनें केलेल्या खुणा पुसूं नयेत. त्या खुणा मुलांच्या आहेत: कोठें श्वास घ्यावयाचा, कोठें शेजाऱ्याकडे लक्ष द्यावयाचें, कोठें चूक होते. मूल वादक कसें बनलें याचा याहून प्रत्यक्ष पुरावा दुसरा कोणता असणार?

हेंच चित्रपटांच्या अरेंजरांनीं लिहिलेल्या कागदांसहि लागू आहे. ध्वनिमुद्रण झालें कीं त्या कागदाचें काम संपे. तबकडी राहिली, गायकाचें नांव राहिलें. ज्यानें पन्नास वाद्यांचा मेळ बसविला त्याच्या हस्ताक्षरास मात्र कोणी साधन मानिलें नाहीं.

शेवटीं शाळाचालकांस एक विनंति. आज गांवोगांवच्या शाळांत स्वातंत्र्यदिनाच्या व प्रजासत्ताकदिनाच्या संचलनासाठीं ढोल, ताशे व बिगुल यांचीं पथकें बसवितात. महिनाभर सराव होतो व समारंभानंतर वाद्यें कपाटांत जातात. तींच मुलें वर्षभर बसवावीं, त्यांस लिपि शिकवावी, मग ती पलुसकरांची असो वा पांच रेघांची, आणि अर्ध्या मुलांस मुख्य चाल व अर्ध्यांस दुसरी ओळ द्यावी. शार्ङ्गदेवाच्या कनिष्ठ वृंदास बारा माणसें पुरतात; एवढीं मुलें कोणत्याहि शाळेंत मिळतील. त्यांतून किती वादक निघतील हें सांगवत नाहीं, पण शेजाऱ्याचा तुटलेला सूर सांवरणारीं बारा माणसें गांवास मिळतील, आणि तीं आपले कागद यापुढें रद्दींत जाऊं देणार नाहींत.